कोऱ्या कागदाचा लेखनिक

१५ जानेवारी, गुरुवार

पुन्हा एकाहत्तर!

मॉडेलला, म्हणजे संगणकातल्या शिकाऊ प्रोग्रॅमला, शंभर ओळी दाखवायच्या. कुठली ओळ कोणत्या लेखनिकाच्या हातची, ते त्याने ओळखायचं. माझं एकाहत्तर ओळखतं, लॅबमधल्या भाष्यकाराचं चौऱ्याण्णव. तीच हस्तलिखितं, तेच अकरा लेखनिक, त्याचाच छापील पेपर पुढ्यात ठेवून ओळीबरहुकूम केलेलं काम – आणि माझ्या पदरात एकाहत्तर.

लॅबच्या भिंतीवर एक पांढरा फळा आहे. दर गुरुवारी ज्याने त्याने आपला आकडा त्यावर लिहायचा. पण वाढला तरच! घटलेल्या आकड्याला फळ्यावर जागा नाही. आणि ज्याचा आकडा सर्वांत वर, त्याला खिडकीपाशीची खुर्ची. याला संशोधन म्हणतात. बालवाडीत शहाण्यासारखं वागणाऱ्याला फुगा देतात. तिथे निदान घरी जाताना सगळ्यांनाच एकेक देतात.

खिडकीत दीड वर्ष भाष्यकार बसलेला आहे. मी प्रिंटरशेजारी. कोणी काही छापायला टाकलं की माझं टेबल थरथरतं, आणि लॅबमध्ये सगळे सारखे आपापले पेपर छापत असतात.

त्रिकालज्ञ आज भलतेच प्रेमळ. त्रिकालज्ञ म्हणजे आमचे गाइड – जगातली कुठलीही गोष्ट सांगा, "मला माहीतच होतं" हे उत्तर तयार. "मॅडम, सत्तावीस फेब्रुवारीला तुमचा रिव्ह्यू. बाहेरचे परीक्षक येतील. निदान आपल्याच लॅबचा निकाल तुम्हाला पुन्हा काढून दाखवता आला पाहिजे. नाहीतर कमिटी प्रवेश पुढे चालू ठेवणार नाही." मग आवाज मऊ करून – "आणि नाही जमलं तरी बिघडलं काय? सल्लागार म्हणून राहाच की! जुनी अक्षरं तुम्ही वाचून द्यायची, बाकी मुलं करतील."

बाकी मुलं करतील! आमच्या कॉलेजातला संस्कृत विभाग बंद झाला आणि यांनी मला इथे बोलावलं, तेव्हाही हेच वाक्य. त्या वाक्याच्या रागानेच मी प्रवेश परीक्षेला बसले. एकावन्नाव्या वर्षी ओळखपत्रावर 'विद्यार्थी' लिहिलेलं आहे माझ्या. ते मी असं सहजासहजी परत करणार नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

कन्येचा फोन. ती दूरच्या शहरात, सॉफ्टवेअरमध्ये.

"आई, एरर काय येतेय ते मोठ्याने वाच."

"एरर येतच नाहीये."

"मग?"

"चुकीचं उत्तर येतंय. अगदी व्यवस्थित."

"मग ओरडून बघ त्याच्यावर. माझ्यावर चालायचं."

कुठे चालायचं! चाललं असतं तर आज संस्कृत येत असतं तिला.

१९ जानेवारी, सोमवार

भाष्यकार मदतीला आला. न बोलावता. याचं हे नाव मी ठेवलं पहिल्याच आठवड्यात – कोणी साधं "पंखा लाव" म्हटलं तरी हा त्यावर पाऊण तास बोलेल. सव्वीस वर्षांचा, उंच, दाढी अर्धवट, मार्चमध्ये प्रबंध देऊन नोकरीवर रुजू होणार. बोलणं असं, की सात-सात शब्दांचे समास, सगळे इंग्रजी, आणि वाक्याच्या शेवटपर्यंत क्रियापद नाही. मी तीस वर्षं लांबलचक समास सोडवून दाखवले मुलांना. याचे सुटत नाहीत.

"काकू, लर्निंग रेट कमी करून बघा."

"गेल्या महिन्यात वाढवायला सांगितलास."

"हां, ते तेव्हा."

लर्निंग रेट, म्हणजे मॉडेलचा शिकण्याचा वेग, हवापालटासारखा. गुण नाही आला की दुसऱ्या गावी जाऊन बघा.

त्याला म्हटलं, "अरे बाबा, अक्षरात काय बघतं हे तुझं मॉडेल? वेलांटीचा झोक? काना कुठे जाड होतो ते?"

"काकू, ते कसं, तसं नसतं बघायचं आपण. ते आपलं आपण शिकतं."

आपलं आपण शिकतं! मी त्याला सांगितलं की मला या अकराही लेखनिकांची बाडं पाठ आहेत. डोळे मिटून कागदावर नुसतं बोट फिरवलं तरी सांगेन, हा कोणाचा. एकाचा कागद खरखरीत, एकाचा घोटून गुळगुळीत केलेला, एकाला अजून कपाटाच्या लाकडाचा वास येतो. तीस वर्षं घालवली आहेत त्यांच्यात. तुझ्या मॉडेलला म्हणावं, ये बोट फिरवायला!

तो हसला. "काकू, तुम्ही भारी आहात." कौतुक की सांत्वन, कळायला मार्ग नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

एकाहत्तर. फळ्याजवळ गेलेच नाही. कोणी विचारलंही नाही – हे जास्त लागलं.

२७ जानेवारी, मंगळवार

आज सरळ त्याचा कोड मागितला. भाष्यकाराचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या खोलीत कपाट उघडायला निघाले आहे.

"देतो काकू, पण जरा पसारा आहे."

पसारा! फोल्डरांची नावं: 'फायनल', 'फायनल नवं', 'हेच फायनल', 'हे नको'. अर्थातच जे पेपरात छापलं ते 'हे नको'मध्ये. आतल्या प्रत्येक गोष्टीला नाव एक्स. दुसरी निघाली की एक्स-एक्स. लेकराचं नाव ठेवायचाही कंटाळा करणारे हे लोक यंत्राला वाचायला शिकवणार.

पण दुपारपर्यंत सापडलं मला. ते असं.

मी हस्तलिखितांची पानं आधी वेगळी केली: ही शिकवायची, ही परीक्षेची. मग ओळी कापल्या. भाष्यकाराने आधी सगळ्या ओळी कापल्या, पत्त्यांसारख्या पिसल्या, मग दोन वाटे केले. म्हणजे एकाच पानाच्या दहा ओळी शिकवणीत आणि अकरावी परीक्षेत! प्रश्नपत्रिका आधीच फोडल्यासारखं. पेपरात फक्त एवढंच छापलेलं: "यादृच्छिक विभागणी".

त्याच्या पद्धतीने चालवून बघितलं. चौऱ्याण्णव. पहिल्याच फटक्याला.

म्हणजे माझा रिव्ह्यू झाला की! हेच न्यायचं, हेच दाखवायचं, ओळखपत्र माझं. प्रिंटरसुद्धा आज गप्प होता.

मला अजिबात आनंद झाला नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

मौनीने मॉडेल चालवायच्या सर्व्हरवरची तिची पाळी मला दिली. मौनी ही लॅबमधली तिसरी – कानावर मोठाले हेडफोन, आठवड्याला दहा-बारा शब्द. आजचे होते: "मला नकोय आज. तुम्ही घ्या." मी तिला उगाच नावं ठेवत होते असं नाही, पण आज नाही ठेवणार.

घरी बसून चौऱ्याण्णववाल्या मॉडेलच्या चुका काढून बघितल्या. कुठे अडतं हे? अवघड अक्षरात? छे! एका पानाचा कोपरा कोणीतरी नंतर नवा कागद चिकटवून दुरुस्त केलाय. नेमक्या त्या कोपऱ्यातल्या ओळी चुकल्यात. अक्षर तेच, हात तोच – फक्त कागद दुसरा.

मनात आलं ते इतकं वेडगळ होतं की आधी उठून चहा केला. मग पानांचे समास कापले – कडेची रिकामी जागा, जिथे कोणी काही लिहिलेलंच नाही. ओळीएवढ्याच पट्ट्या. नुसता कोरा कागद. टाकला मॉडेलपुढे: सांग, कोणाचं अक्षर?

एक्क्याण्णव!

शंभरातल्या एक्क्याण्णव कोऱ्या पट्ट्यांचा लेखनिक त्याने बिनचूक सांगितला. अक्षर नाही, शाई नाही, टिंब नाही – आणि म्हणे हा हात अमक्याचा!

मी एवढ्याने हसले की खालच्या दवाखान्यातून दंतवैद्य वर आले, हातात मोजे तसेच. (दंतवैद्य म्हणजे आमचे हे.)

"काय झालं?"

"अहो, न लिहिलेलं वाचतंय ते!"

"बरं मग. तुझं काम वाचलं." आणि गेले खाली. खुर्चीत कोणीतरी तोंड उघडून बसलं होतं.

तर्कशास्त्राच्या जुन्या पंडितांनी याला कधीच नाव देऊन ठेवलं आहे – हेत्वाभास. दिसायला कारण, असायला नाही. पण ते संस्कृतात पडलं. इथे कोण वाचतंय!

२ फेब्रुवारी, सोमवार

जेवताना दंतवैद्यांना सगळा बेत सांगितला. लॅबमध्ये आत्ता चकार शब्द काढायचा नाही. सत्तावीसला, बाहेरच्या परीक्षकांसमोर, आधी फळ्यावरचे चौऱ्याण्णव. मग कोऱ्या कागदाचे एक्क्याण्णव. मग माझा सचोटीचा आकडा, पानं वेगळी ठेवून काढलेला. त्रिकालज्ञ "मला माहीतच होतं" म्हणतात का, ते मला बघायचं आहे.

"त्या पोराला आधी सांग," दंतवैद्य म्हणाले.

"का?"

"त्याचा प्रबंध आहे ना त्याच्यावर?"

"दीड वर्ष लर्निंग रेट सांगितलाय त्याने मला. एकदाही विचारलं नाही, काकू, तुम्ही पानं कशी वाटलीत."

"तू सांगितलंस?"

काही नवरे नुसती वाढलेली भाजी खातात. यांना प्रश्नही लागतात.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

त्र्याऐंशी! पानं काटेकोर वेगळी. एका पानाची एक ओळही इकडची तिकडे नाही. मौनीच्या पाळ्या, कन्येच्या दोन सूचना (त्यातली एक उपयोगी), बाकी सगळं माझं.

फळ्यावर लिहिलं. भाष्यकाराने टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या असाव्यात. असल्या माणसांचा राग धरणं फार कष्टाचं काम असतं, पण मी कष्टाळू आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शहाऐंशी. घरी कोणाला सांगावं तर दंतवैद्य शिबिराला गेलेले. आरशाला सांगितलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज मीटिंगमध्ये शहाऐंशी लिहिले. त्रिकालज्ञांनी चष्मा वर केला.

"छान. पण चौऱ्याण्णव कुठे आहेत, मॅडम?"

"रिव्ह्यूत दाखवते, सर."

"म्हणजे निघाले?"

"निघाले ना. पहिल्या फटक्याला."

"मला माहीतच होतं!"

भाष्यकार मात्र माझ्याकडे बघत राहिला. नंतर कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं मला. बोलेना. हा – आणि बोलेना!

"काकू, तुम्हाला कळलंय ना?"

"काय?"

"ओळी पिसल्याचं."

मी नुसता कप पुढे केला.

स्वतःचं दिवाळं निघाल्याचं त्याला माझ्याआधीच कळलं होतं तर! म्हणजे मागच्याच वर्षी, पेपर छापून आल्यावर, स्वतःच्याच लक्षात आलं. सरांकडे गेला. सर म्हणाले, "मला माहीतच होतं. पण आता छापून झालंय. प्रबंधात एक तळटीप टाक." आणि हा टाकणार तळटीप! दाढी वाढवली तेवढी कणा नाही वाढवला.

"आणि मला का नाही सांगितलंस? मी एकाहत्तरावर डोकं आपटत होते तेव्हा?"

"मला वाटलं, तुमचे एकाहत्तरच खरे आहेत हे सांगितलं, तर माझे चौऱ्याण्णव…" इथे क्रियापद आलंच नाही. या खेपेला मला समास सुटला.

मग मला राहवेना. कोऱ्या कागदाची गोष्ट सांगितली त्याला. आधी त्याचा चेहरा पडला. मग तो हसायला लागला – भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "एक्क्याण्णव? कोऱ्यावर? काकू! मी दीड वर्ष कागद ओळखतोय!" मीही हसले. हसणारच. यंत्रातली कॉफी सांडली, ती मौनीने पुसली. तिने हेडफोन काढले होते, म्हणजे सगळं ऐकलं.

डोळे पुसत तो म्हणाला, "आणि तुमच्याला दाखवलात?"

"काय?"

"कोरा कागद."

"माझ्याला कशाला? मी पानं वेगळी ठेवली आहेत."

"हो, हो. ते आहेच. पण काकू, पानं वेगळी, तरी…" आणि थांबला. "जाऊ द्या. तुम्हाला माहीत असेलच."

जाऊ द्या म्हणे! आयुष्यात पहिल्यांदा हा मुलगा वाक्य अर्धं सोडून गेला, आणि तेही शहाणपणा शिकवताना. द्राक्षं आंबट असतात, दुसरं काय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

स्लाइड्स तयार. एकूण चौदा. नववी नुसती पांढरी – तिच्यावर कोऱ्या कागदाची एक पट्टी, खाली प्रश्न: "हा हात कोणाचा?" इथे मी जरा थांबणार आहे. तीस वर्षं वर्गात उभी राहिले. कुठे थांबायचं ते मला कळतं.

त्रिकालज्ञांचा निरोप: सल्लागारपदाची कागदपत्रं तयार करून ठेवली आहेत, "नुसती सोय म्हणून". ठेवा! पेपरवेट म्हणून माझा प्रबंध देईन वर ठेवायला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

कन्येपुढे फोनवर अख्खं भाषण म्हणून दाखवलं. तिला आवडलं. आवडलं म्हणजे – "आई, तू फार चिडून बोलतेयस, पण बरोबर बोलतेयस." मग म्हणाली, "त्या मुलाचं नाव नको घेऊस."

त्याचं नाव कोण घेतंय! चौऱ्याण्णव म्हटलं की सगळ्यांना कळतंच.

तिच्या बापाची मुलगी. दोघेही एकाच बाजूला उभे राहतात, आणि ती नेमकी माझी नसते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार

भाष्यकार आज मीटिंगला आला नाही. खिडकीपाशीची खुर्ची रिकामी. मौनी जवळ आली, "बसा ना तिथे," म्हणाली. आता आकड्यांची आणि खुर्चीची सांगड मीच उद्या मोडणार, तेव्हा एक दिवस बसून बघायला काय हरकत आहे! बसले. तिथून दिसतं काय? पार्किंग. एक माणूस गाडीला कापड गुंडाळत होता. यासाठी दीड वर्ष धडपड!

पण ऊन चांगलं येतं. अंगावर पडतं. बसल्या बसल्या त्या पोराचं अर्धं वाक्य आठवलं – "पानं वेगळी, तरी…" डोक्यात चघळायला नको म्हणून, उद्या कोणी विचारलंच तर तयार असावं म्हणून, कोऱ्या पट्ट्या माझ्या मॉडेलपुढे टाकल्या आहेत. पाच-दहा मिनिटांचं काम. औपचारिकता. निकाल येईपर्यंत साडीला इस्त्री कुठून करून घ्यायची ते ठरवते.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ

अठ्ठ्याऐंशी.

लिहिलेल्यावर शहाऐंशी, कोऱ्यावर अठ्ठ्याऐंशी. अक्षर मध्ये आलं की माझं मॉडेल गोंधळतं!

पानं वेगळी ठेवली, पण एका लेखनिकाचं अख्खं बाड एकाच कागदाचं. हे मी सांगावं भाष्यकाराला – की त्याने मला? बोट फिरवून ओळखते म्हणाले होते ना मी, डोळे मिटून? तेच करत होतं ते बिचारं.

त्याला फोन लावला. "बोल," म्हटलं, "ते वाक्य पुरं कर." त्याने उलट मलाच विचारलं – हळूच, "किती आले, काकू?" सांगितलं. हसला नाही. म्हणाला, "मी येतो उद्या. पुढच्या रांगेत बसतो."

नवव्या स्लाइडवर आता माझी पट्टी, माझा आकडा. त्याची काढून टाकली.

आणि त्रिकालज्ञांना सांगणार आहे: सल्ला देण्याइतकं मला काही येत नाही. मला शिकायचं आहे.